नाटक कंपनीच्या पानावरचं पहिलं नाव

"आमची वेबसाइट वर आणून द्या," असं म्हणत लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अंगारा मागायला आलेल्या माणसाचा भाव असतो. मी काहीतरी फुंकर घालीन आणि उद्या सकाळी कुणीही मोबाईलवर शोधलं की यांचंच दुकान सगळ्यात पहिलं दिसेल, अशी त्यांची समजूत. मी चंद्रपुरात राहते, घरातल्याच एका खोलीत बसून हे काम करते आणि बरीच वर्षं त्यावर पोट भरते. माझे वडील माजरीच्या कोळसा खाणीत होते. मी नेमकं काय करते हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. वसाहतीत कुणी विचारलं की ते सांगत, पोरगी पाट्या रंगवते. मी चिडायचे. आता वाटतं, याहून बरं उत्तर मलाही देता येणार नाही.

काम तसं साधं आहे आणि अतिशय कंटाळवाणं आहे. एखादं पान उघडायचं आणि त्या धंद्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा परक्या माणसासारखं ते वाचायचं. पानाला नाव काय दिलंय? पहिलं ठळक वाक्य काय म्हणतं? जो माणूस शोधत शोधत इथवर आला, त्याला जे हवं होतं ते इथे आहे की नाही, हे त्याला पहिल्या नजरेत कळतं का? लोक जे विचारतात ते पानावर, त्यांच्याच शब्दांत आणि वरच्या बाजूला असलं पाहिजे. एवढ्या एका वाक्यात माझं सगळं शास्त्र संपतं. पण हे वाक्य गळी उतरवता उतरवता माझे केस पांढरे झाले. जंगलाच्या कडेला पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारा माणूस पानाच्या सुरुवातीला स्वतःच्या आजोबांचा फोटो लावतो, आणि खोल्या मिळतात हे तळाशी बारीक अक्षरांत सांगतो. तांदळाच्या गिरणीवाल्याला सगळ्यात वर मोठ्ठं 'सुस्वागतम' हवं असतं. तांदूळ हा शब्द अख्ख्या पानावर नसतो. बोललं की यांना राग येतो. आपल्या घरात आपण कुणाला कुठे बसवायचं हे बाहेरच्या बाईनं सांगावं, हे कुणाला रुचणार?

एका वर्षी पोळा होऊन गेल्यावर मला वडसा गावाहून फोन आला. वडसा म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांची राजधानी. धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत इकडच्या गावागावांत नाटकं लागतात. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघर पाहुणे, लेकी माहेरी येणार, सोयरिकी जुळणार. ही नाटकं करणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं वडशात एका रस्त्यावर ओळीनं आहेत, आणि गावोगावच्या मंडळांची पोरं जीप करून तिथे नाटक ठरवायला जातात. फोन करणारा माणूस अशाच एका कंपनीचा व्यवस्थापक होता. स्टेजवर तो विनोदी कामं करत असे आणि त्याच्या आवाजात ते कळत होतं, पण त्या दिवशी तो विनोद करायच्या मनःस्थितीत नव्हता. कंपनीचे मालक उन्हाळ्यात वारले होते. आता त्यांची बायको, जी या कंपनीची मुख्य नटीही होती, ती कंपनी चालवायला बसली होती. आणि ज्या गावात त्यांचं नाटक दरवर्षी ठरलेलंच असायचं, त्या गावच्या पोरांनी फोन करून विचारलं होतं, कंपनी बंद पडली का?

बंद पडली असं तुम्हाला कुणी सांगितलं, असं यानं त्यांना विचारलं. पोरं म्हणाली, मोबाईलवर लिहिलेलं आहे.

फोन ठेवला आणि मी त्या कंपनीचं नाव टाकून शोधलं. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि पुढे मालकांचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत, 'आपल्या सर्वांना पोरकं करून निघून गेले...' आणि तीन टिंबं. कंपनीच्या वेबसाइटची सर्च इंजिनला कळलेली ओळख एवढीच होती. नाटक नाही, बुकिंग नाही, फोन नंबर नाही. मुळातली वेबसाइट उघडली तेव्हा कारण कळलं. सगळ्या वेबसाइटचं एकच लांबलचक पान, आणि त्यावर नाटकांची पोस्टरं जशीच्या तशी चिकटवलेली. गोल गोल कापलेले नटनट्यांचे चेहरे, पेटलेल्या अक्षरांत नाटकाचं नाव, खाली कलावंतांची यादी. बघायला झोकदार. पण ती सगळी अक्षरं चित्रात होती, आणि चित्रातली अक्षरं सर्च इंजिनच्या फारशी लक्षात येत नाहीत. त्याच्या लेखी ते पान म्हणजे कोरा कागद होता. उन्हाळ्यात मालक गेले, सगळ्या पट्टीतून श्रद्धांजलीचे फलक फिरले, आणि या लोकांनी आपल्या वेबसाइटवरही एक फलक लावायला सांगितला. वेबसाइट बनवणाऱ्यानं तो पानाच्या माथ्यावर लावला, पानाचं नावही तेच करून टाकलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्या अख्ख्या पानावर वाचता येण्याजोगा मजकूर तेवढाच. मग सर्च इंजिनचं काय चुकलं? ही वेबसाइट एका गेलेल्या माणसाची आहे, असं त्यानं सरळ मनानं समजून घेतलं.

मी चांदा फोर्टवरून गाडी धरून वडशाला गेले. मूल, सिंदेवाही, मध्येच साग आणि बांबू, पुन्हा धानाच्या बांध्या. खरं तर हे काम फोनवरही झालं असतं. पण माणसाला त्याच्या घरातला फोटो हलवायला सांगायचं तर समोर बसून सांगावं, असं मला वाटलं.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतभर पोस्टरं. टेबलामागे बुद्धाची लहान मूर्ती, तिच्या बाजूला बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या दोन्हींच्या खाली हार घातलेला मालकांचा फोटो. तो फोटो लग्नातल्या फोटोतून कापून घेतला असावा, कारण खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. बाई टेबलाशी बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. तोंडावर पावडर नाही, कपाळ मोकळं, पण मान अशी ताठ की समोर हजार माणसं बसली आहेत असं वाटावं. त्यांनी मला म्याडम म्हटलं, चहा मागवला आणि विचारलं की किती दिवसांत वर येईल.

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. लोक काय शोधतात, काय सापडतं, पोस्टरं का दिसत नाहीत. पोस्टरांबद्दल त्यांनी लगेच मान्य केलं. मग मी म्हणाले की पानाचं नाव बदलावं लागेल. सगळ्यात वर कंपनीचं नाव, झाडीपट्टी नाटक, बुकिंग चालू आहे, एवढं यायला हवं. श्रद्धांजली तिथून काढावी लागेल.

व्यवस्थापक चहाचा कप घेऊन दाराशी जाऊन उभा राहिला. हा विषय त्यानं आधी काढून पाहिला असावा आणि हात पोळून घेतले असावेत, हे मला तेव्हा समजलं. मी आपली बोलतच राहिले. मालकांसाठी एक वेगळं पान करू, छान करू, असलं काहीतरी.

"कोपऱ्यात?" बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, कोपऱ्यात नाही, वेगळं.

"कंपनी त्याईची हाये. त्याईचं नाव मी काढत नाई. बाकी का करायचं ते करा."

आवाज चढला नव्हता. पण स्टेजवरून शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा तो आवाज होता. मग त्यांनी सांगितलं की त्या फलकावर आधी 'कैलासवासी' छापून आलं होतं, ते त्यांनी स्वतः फोन करकरून, बौद्धांमध्ये म्हणतात तसं, 'कालकथित' करून घेतलं. आम्ही कैलासाला कशाला जाऊ, असं त्या म्हणाल्या. म्हणजे त्या फलकातला शब्द न् शब्द त्यांनी निवडलेला होता, आणि मी तो उपटायला निघाले होते.

मला राग आला होता, हे खरं सांगायला हवं. बाईंवर नाही, त्या सगळ्या प्रकारावर. वीस-पंचवीस माणसांची कंपनी. नट, नट्या, वादक, पडदे लावणारे, गाडीवाला. हे सगळे दसऱ्याची वाट बघत होते. दसऱ्यापासून कार्यालयात मंडळांची रीघ लागते. तोवर गावांत कंपनी बंद पडल्याची हवा राहिली, तर तारखा मिळणार नव्हत्या, आणि तारखा नसतील तर हे लोक पोटासाठी शेजारच्या कार्यालयात जाऊन बसणार होते. त्यात त्यांचा दोष नाही. एकदा माणसं पांगली की कंपनी उरते कुठे? भिंतीवरची पोस्टरं तेवढी राहतात. आणि मधे आडवी होती ती एक ओळ, जी काढायला मला एक मिनिटही लागलं नसतं.

पण माझ्या हातात जे होतं ते मी केलं. दोन दिवस मी वडशातच राहिले. एकेक पोस्टर समोर ठेवायचं आणि व्यवस्थापकाला विचारायचं की गावातून फोन येतो तेव्हा लोक काय विचारतात. तो खुलला. त्यानं गावकऱ्यांचे आवाज काढून सगळे प्रश्न करून दाखवले. नायिका कोण आहे? हसवणारा कोण? लावणी आहे का, आणि असली तर म्हातारी माणसं उठून जातील अशी तर नाही ना? सासू-सुना सोबत बसून पाहतील का? स्टेज आमचा की तुमचा? पडदे किती? पाऊस आला तर? एका गावच्या माणसानं म्हणे विचारलं होतं की शेवटी नायिका मरते का, कारण मागच्या वर्षी मेली आणि बाया रडत घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी धड स्वयंपाक झाला नाही.

मी ते सगळे प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतले. प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतंत्र पान दिलं, पानाला नाटकाचं नाव दिलं आणि नावापुढे 'झाडीपट्टी नाटक' हे शब्द. हे प्रश्न मधली शीर्षकं झाली, त्याखाली दोन-दोन वाक्यांत उत्तरं. 'हृदय पिळवटून टाकणारी भव्यदिव्य कलाकृती' असं पोस्टरावर होतं, ते मी पोस्टरावरच राहू दिलं आणि पानावर लिहिलं की ही दोन भावांची आणि एका विहिरीची गोष्ट आहे. 'हृदय पिळवटून टाकणारं' असं मोबाईलवर कुणी शोधत नाही. व्यवस्थापकाला ते फार फिकं वाटलं. त्यानं मला विचारलं की म्याडम, तुम्ही लग्नाच्या पत्रिकेत पण असंच लिहिता काय.

घरी परतल्यावर मी रोज सकाळी बघायचे. या कामात पेरल्यासारखी वाट बघावी लागते, आज बदललं की उद्या दिसत नाही. हळूहळू नाटकांची पानं वर सरकायला लागली. नाटकाचं नाव टाकून शोधलं की आमचं पान दिसू लागलं. पण कंपनीचं नाव टाकलं की अजूनही पहिली ओळ तीच. निघून गेले आणि तीन टिंबं. आणि गावातली माणसं आधी कंपनीचंच नाव टाकतात. नाटक कोणतं हे नंतर ठरतं, कंपनी कोणाची हे पहिलं. नाटकाचं पान सापडलं तरी त्यांना वाटायचं, हे जुनं असेल.

मग व्यवस्थापकाचा फोन आला. त्यांचा ऑर्गनवाला दुसऱ्या कार्यालयात जाऊन बोलून आला होता. जायचं नक्की नव्हतं, नुसतं बोलून आला होता. व्यवस्थापक म्हणाला, "म्याडम, तुम्ही एक डाव येऊन जा. माझं त्या ऐकून नाई राह्यल्या. मी बोललो का वाटते, याले आपल्या पोटाचं पडलं."

मी पुन्हा गेले. या वेळी मी ठरवून गेले होते की समजावायचं नाही. झालेलं काम तेवढं दाखवायचं. मी लॅपटॉप बाईंच्या पुढे ठेवला आणि त्या दोन भावांच्या नाटकाचं पान उघडलं. त्यांनी सगळं वाचलं. विहिरीचं वाक्य वाचून त्या म्हणाल्या की हे बरोबर आहे, पण विहीर तिसऱ्या अंकात येते, आधी सांगू नको. म्याडम जाऊन मी 'तू' कधी झाले हे मला कळलंही नाही. मी ते वाक्य तिथल्या तिथे बदललं.

मग त्यांनी विचारलं की पोस्टर तर तसंच आहे, मग यंत्राला आता ते कसं काय कळतं? मी त्यांना दाखवलं की प्रत्येक चित्राच्या मागे दोन ओळी लिहिता येतात. चित्रात कोण आहे, काय चाललं आहे. पान बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत. पण सर्च इंजिन त्या वाचतं, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा मोबाईलही त्या त्याला वाचून दाखवतो.

"म्हणजे दिसत कोणालेच नाई?"

मी म्हणाले, नाही.

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. "प्रॉम्प्टिंगच हाये मग हे," त्या म्हणाल्या.

आणि मग त्या मालकांबद्दल बोलायला लागल्या. भिंतीवर एवढी पोस्टरं होती, त्यात त्यांचा चेहरा कुठेच नव्हता, हे मी आधी पाहिलं होतं आणि मालक म्हणून नसेल असं समजले होते. पण ते प्रॉम्प्टर होते. कंपनी त्यांची झाली त्याच्या आधीपासून, आणि झाल्यावरही. आमच्याकडच्या नाटकांत आज हे नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं, तालमीला वेळ नसतो. म्हणून स्टेजच्या पुढ्यात खड्डा करतात, त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि सगळ्यांची सगळी वाक्यं खालच्या आवाजात पुढे करत राहतो. प्रेक्षकाला त्याच्या डोक्यावरचं झाकण तेवढं दिसतं. बाई म्हणाल्या की त्यांनी स्वतः आयुष्यात एकही भूमिका पाठ केली नाही. ते बोलत, त्या बोलत. रडायचं असलं तर ते आधी श्वास घेत, तो ऐकून यांच्या डोळ्यात पाणी येई. दुसऱ्या कंपनीनं एकदा चांगलं बोलावणं केलं तेव्हा या गेल्या नाहीत, कारण तिथल्या खड्ड्यातून कोणाचा आवाज येईल याची त्यांना भीती वाटली होती. थंडीत त्या खड्ड्याला ओल येई. त्यांचे गुडघे त्यानंच गेले. घरी ते फारसे बोलत नसत. दिवसभर सगळ्यांचं बोलून झाल्यावर स्वतःचं काय बोलणार, असं बाई म्हणाल्या आणि पुन्हा जरा हसल्या.

माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि ती बोलणं मला क्रूर वाटत होतं. शेवटी मी एवढंच म्हणाले की बाई, तुम्ही स्वतः कधी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून पाहिलंय का?

त्यांनी पाहिलं नव्हतं. कशाला पाहतील? आपल्याच घराचा पत्ता कोण विचारतं? त्यांनी आपला मोबाईल घेतला. टाइप करायचा कंटाळा म्हणून त्या बोलल्या, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करत, जशा त्या स्टेजवरून बोलत असतील. मोबाईलनं ऐकलं आणि दाखवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहत राहिले. व्यवस्थापकही त्या वेळी खोलीत होता, तोही भिंतीकडेच पाहत होता.

मग त्यांनी विचारलं, "पोरी, गावातल्या लोकायले हेच दिसून राह्यलं?"

मी हो म्हणाले.

"पहिलं हेच?"

"हो."

त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. फोटोकडे वळून पाहतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी पाहिलं नाही. त्या सरळ माझ्याकडे बघून बोलल्या.

"वर कंपनीचं नाव टाक. नाटकं टाक, बुकिंगचं टाक. त्याईले खाली घे. ते खालीच बसत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. तिथे बसूनच मी पानाचं नाव बदललं. कंपनीचं नाव, त्यापुढे झाडीपट्टी नाटक, वडसा, बुकिंग सुरू. पानाची पहिली ठळक ओळ तीच. त्याखाली या हंगामातली नाटकं, प्रत्येकावर दाबलं की त्याचं पान. मग फोन नंबर, मोठा, एका बोटानं दाबता येईल असा. आणि सगळ्यात शेवटी, जिथे पान संपतं तिथे, मालकांचं नाव. त्यापुढे काय लिहायचं हे बाईंनी सांगितलं. श्रद्धांजली नको म्हणाल्या. 'या कंपनीचे प्रॉम्प्टर' एवढंच लिहायला लावलं. मालक हा शब्दसुद्धा त्यांना नको होता.

एरवी मी ग्राहकांना सांगते की पानाच्या तळाशी कुणी जात नाही, तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका. त्या दिवशी मी हे सांगितलं नाही. बाईंना ते ठाऊक असावं. नाटकाला आलेला माणूस खड्ड्यात वाकून बघत नसतो, तरी नाटक होतं. मला आजवर वाटायचं की वर असणं आणि महत्त्वाचं असणं एकच. माझा धंदाच त्यावर चालतो. लोक आपल्या आजोबांचे फोटो माथ्यावर लावतात तेव्हा त्यांनाही हेच वाटत असतं, आणि मी त्यांना तिथून खाली ओढते तेव्हा त्यांना मी त्यांच्या माणसाची किंमत कमी केल्यासारखं होतं. त्यांच्या रागाचा अर्थ मला वडशाच्या त्या खोलीत पहिल्यांदा नीट कळला. तेव्हापासून मी 'हे काढा' असं म्हणत नाही. याला कुठे बसवायचं, असं विचारते.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. बदललेलं लगेच दिसत नाही. आपण पाटी पालटली तरी सर्च इंजिन पुन्हा फिरकून जाईपर्यंत जुनीच पाटी दाखवत राहतं. व्यवस्थापक सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारी की आलं का. मी नाही म्हणे. एके सकाळी दूध तापत ठेवून मी सवयीनं नाव टाकलं तर पहिली ओळ बदललेली होती. 'निघून गेले' कुठेच नव्हतं. दूध उतू गेलं. 'झाडीपट्टी नाटक बुकिंग' असं शोधलं तर आम्ही अजून बरेच खाली होतो, जुन्या मोठ्या कंपन्यांच्या मागे, आणि ते तसंच असणार होतं. पण जो या कंपनीला नावानं शोधेल त्याला आता कंपनी सापडणार होती. बाईंना फोन केला. त्या बरं म्हणाल्या आणि दसऱ्याला ये म्हणाल्या.

दसऱ्याला कार्यालयात सकाळीच बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साडीत बाई पुढे बसल्या होत्या, मागे कंपनीची माणसं. ऑर्गनवालाही होता, जरा अंग चोरून. बुंदी वाटून झाली आणि मग सगळे नुसते बसून राहिले. रस्त्यावर जीपा येत होत्या, शेजारच्या कार्यालयांपुढे थांबत होत्या. व्यवस्थापकानं एक विनोद केला, त्यावर तो एकटाच हसला.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. उन्हाळ्यापासून तो फोन व्यवस्थापकच घेत असे, कारण गावोगावचे लोक आधी मालकांची चौकशी करत आणि बाईंना ते सोसत नसे. तो उठला, पण बाईंनी त्याच्या आधी हात पुढे केला. आवाज मोठा करायचं बटण दाबलं गेलं की त्यांनी मुद्दाम दाबलं, कोण जाणे. पलीकडून कुणी पोंभुर्ण्याकडचा माणूस बोलत होता. वेबसाइटवर नंबर पाहिला म्हणाला. दोन भावांचं नाटक पाहिजे म्हणाला. मग थोडा घुटमळला. कंपनी चालू आहे ना बाई, आम्ही तर ऐकलं होतं की मालक...

त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढची ओळ सांगायला कुणी नव्हतं. बाईंनी श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

"ते गेले," त्या म्हणाल्या. "कंपनी हाये. तारीख बोला."

आणि पलीकडचा माणूस तारीख सांगू लागला.